हात जिथे अडतो, तेच चित्र: वेबसाइटवरच्या व्हिडिओंना कव्हर कसं करावं

वहिनींचा इचलकरंजीला शिवणक्लास आहे. २०२० साली क्लास बंद ठेवावा लागला तेव्हा त्यांनी मोबाइल स्टँडला लावून धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पुढे ते सगळे धडे मी एका साध्या वेबसाइटवर चढवले. ४० व्हिडिओ झाले. पान उघडलं की ४० चौकटी दिसायच्या आणि त्यातल्या तीसेक चौकटींत एकच चित्र: मशीनमागे बसलेल्या वहिनी, वाक्याच्या मधेच पकडलेल्या, तोंड अर्धवट उघडं. उरलेल्या चौकटी नुसत्या काळ्या. दिवसातून दोन-तीन फोन ठरलेले. “मॅडम, मुंढ्याचा व्हिडिओ कुठला हो?” (मुंढा म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात ते बगलेतलं वळण.)

शीर्षक प्रत्येक व्हिडिओखाली लिहिलेलं होतं, तरी फोन यायचे. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात कापड आणि मोबाइल समोर भिंतीला टेकवलेला, अशा वेळी कुणी शीर्षकं वाचत बसत नाही. नजर चित्रांवरून फिरते आणि जे चित्र आपल्या अडचणीसारखं दिसतं तिथे थांबते. हे लक्षात आल्यावर मी सगळी कव्हरं, म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याआधी चौकटीत दिसणारी चित्रं, नव्याने केली. तीच पद्धत इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं शिवणाची आहेत, पण स्वयंपाक, हार्मोनियम, मोटर रिवाइंडिंग, शेतातली छाटणी, काहीही शिकवणाऱ्या व्हिडिओंना ती तशीच लागू पडतील.

चित्र कुठे कुठे दिसणार आहे

कॅनव्हासारखं चित्र जुळवायचं ॲप उघडून बसण्याआधी हे बघा. एकच कव्हर साधारण तीन ठिकाणी दिसतं. पहिलं ठिकाण म्हणजे व्हिडिओचं स्वतःचं पान: तिथे प्लेअरवर, व्हिडिओ सुरू होईपर्यंत. दुसरं, सगळ्या व्हिडिओंच्या यादीतली छोटी चौकट. तिसरं, कुणी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की तिच्याबरोबर येणारं चित्र.

आडव्या व्हिडिओसाठी १२८० बाय ७२० पिक्सेल हे माप धरा. ते १६:९ या प्रमाणात बसतं आणि यूट्यूबलाही हेच चालतं. व्हॉट्सॲप-फेसबुकवर लिंकसोबत जाणाऱ्या चित्राचं रूढ माप १२०० बाय ६३० आहे, म्हणजे किंचित जास्त पसरट. १२८० रुंदीच्या चित्रातून ते प्रमाण कापलं तर उंची ६७२ उरते, म्हणजे वरून २४ आणि खालून २४ पिक्सेल जातात. हे नुकसान किरकोळ आहे. खरा धोका वेगळाच: व्हॉट्सॲपवर लिंक कधी कधी बारीक चौरस चित्रासह दिसते, आणि चौरस म्हणजे मधला ७२० बाय ७२० चा तुकडा. डाव्या कडेला लिहिलेलं नाव आणि उजव्या कडेला ठेवलेला ब्लाउज, दोन्ही त्यात उडतात. म्हणून मुख्य वस्तू मधल्या चौरसातच ठेवायची.

पण अगदी केंद्रात नको, कारण तिथे प्ले बटण येतं. उजवा खालचा कोपराही मोकळा सोडा, बहुतेक ठिकाणी व्हिडिओची लांबी तिथेच उमटते. तळाची पट्टी प्लेअरच्या नियंत्रणांखाली जाते. मी १२८० बाय ७२० चा एक कोरा साचा करून त्यावर या तीन जागा फिकट लाल रंगाने झाकून ठेवल्या आहेत. प्रत्येक कव्हर त्या साच्यावर बेतायचं आणि शेवटी लाल थर बंद करायचा.

व्हिडिओ उभा असेल तर १०८० बाय १९२० चं कव्हर वेगळंच करावं लागतं. उभ्या व्हिडिओला आडवं चित्र दिलं की वर-खाली, आणि आडव्याला उभं दिलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात.

कुठला क्षण निवडायचा

सगळ्या कामाचा कस इथे लागतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पहिला मोह असतो तयार वस्तूचा फोटो लावण्याचा. कटोरी ब्लाउज शिकवला, तर कटोरी ब्लाउज घातलेल्या पुतळ्याचा फोटो. दिसायला सुंदर. पण आमच्याकडे ब्लाउजचेच १७ धडे होते: मापं, कागदी कटिंग, अस्तर, टक्स, मुंढा, बाही, गळा, पायपिंग, हुकपट्टी. सतरा ठिकाणी तयार ब्लाउज लावला तर फोन थांबणार कसे?

मग मी वहिनींना प्रत्येक धड्याबद्दल एकच प्रश्न विचारला: “यात मुलींचा हात कुठे अडतो?” त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं. मुंढ्याच्या धड्यात सगळ्या जणी पुढचा आणि मागचा मुंढा सारखाच कापतात. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत घ्यायचा असतो. तो घेतला नाही की बाही जोडताना पुढच्या बाजूला कापड फुगतं आणि चुण्या पडतात. झालं, कव्हर ठरलं. मागचा भाग खाली, त्यावर पुढचा भाग, दोन्हींच्या मुंढ्याच्या वळणांमधली ती अर्ध्या इंचाची फट, आणि फटीवर टेकवलेलं वहिनींचं बोट. चेहरा नाही, मशीन नाही. ज्या मुलीच्या बाहीला चुणी पडली आहे तिला ते चित्र बघताच कळतं की आपलं उत्तर इथे आहे.

बाहीच्या धड्याला बाहीचा माथा आणि खांद्याची शिलाई जुळवून धरलेली चिमूट. पायपिंगच्या धड्याला गळ्याच्या वळणावर कापडाला दिलेले बारीक कट. टाके सुटण्याच्या धड्याला कापडाची उलटी बाजू, जिथे खालचा दोरा सैल लोंबतो आहे. बिघाड दाखवणारी कव्हरं बिनधास्त लावा. माणूस मदत शोधत येतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर त्याचा बिघाडच असतो.

तयार वस्तूचा फोटो मी दोनच ठिकाणी ठेवला: मालिकेच्या पहिल्या, ओळख करून देणाऱ्या व्हिडिओला आणि नऊवारीच्या धड्याला, कारण तिथे निऱ्या कशा पडल्या आहेत हेच शिकायचं असतं.

एक पथ्य काटेकोर पाळा: कव्हरवर जे आहे ते व्हिडिओत असलंच पाहिजे. भारी ब्रोकेडचा ब्लाउज कव्हरवर आणि आत सुती कापडावर कागदी कटिंग, असं झालं की बघणारी दहा सेकंदांत निघून जाते आणि पुढच्या वेळी आपल्या चित्रावर विश्वास ठेवत नाही. नेटवरून उचललेले डिझाइनचे फोटो तर लावूच नका. ते दुसऱ्याच्या मालकीचे असतात आणि ते काम आपलं नसतं. क्लासमधल्या मुलींचे चेहरे येत असतील तर आधी विचारा.

फ्रेम काढायची की फोटो घ्यायचा

फोटो. शक्य असेल तर नेहमी फोटो. व्हिडिओ घेताना हात हलत असतो, आणि सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, घेणारा कॅमेरा घरातल्या उजेडात प्रत्येक फ्रेममध्ये थोडी हालचाल पकडतोच. चालू व्हिडिओत ते जाणवत नाही, थांबवलं की बोटं पुसट दिसतात. म्हणून आता वहिनी धडा संपला की ‘अडतो तो क्षण’ पुन्हा एकदा हाताने धरतात आणि मी त्याच कोनातून चार-पाच फोटो घेतो. याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

जुन्या व्हिडिओंना मात्र फ्रेमच काढावी लागते. त्यासाठी व्हीएलसी प्लेअर पुरेसा आहे. कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावा, हवा तो क्षण जवळ आला की थांबवा आणि ‘ई’ कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. हात स्थिर झालेली फ्रेम सापडली की विंडोजवर शिफ्ट आणि ‘एस’ एकत्र दाबा. चित्र कॉम्प्युटरच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये जमा होतं. एखादी कृती करून हात क्षणभर विसावतो तिथे शोधा, कृतीच्या मध्यावर नको.

मूळ फाइलच वापरा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला व्हिडिओ दाबला गेलेला असतो आणि त्यातली खडूची रेघ तुटक दिसते. नव्या फोनवर एचडीआरमध्ये (उजेड-सावलीचा जास्त तपशील पकडणाऱ्या पद्धतीत) घेतलेल्या व्हिडिओची फ्रेम कधी कधी फिकट, धुतल्यासारखी येते. तसं झालं तर एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट आणि रंग थोडे वाढवा, आणि पुढचे व्हिडिओ घेताना फोनमधलं एचडीआर बंद ठेवा.

कापड आणि चौकट

गडद निळ्या कापडावर पांढरा खडू छान दिसतो. फुलाफुलांच्या कापडावर कुठलीही रेघ दिसत नाही. शिकवताना आणि कव्हरसाठी साधं, एकरंगी कापड घ्या आणि दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा. फिकट पिवळ्या कापडावर लाल दोऱ्याची शिलाई मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही ओळखू येते. खिडकीचा उजेड बाजूने येऊ दिला की शिलाईची उठावदार सावली पडते. डोक्यावरच्या ट्यूबखाली कापड सपाट वाटतं.

मग कापा. पहिल्या प्रयत्नात आपण नेहमीच कमी कापतो. टेबल, भिंत, मशीनचा मागचा भाग, सगळं जाऊ द्या. चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग त्या एका गोष्टीने भरला पाहिजे. हे काम गिम्पमध्ये, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये किंवा कॅनव्हात कुठेही होतं.

देवनागरी अक्षरं

कव्हर कसं करावं हे सांगताना मराठी अक्षरांबद्दल सहसा कुणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी हिशेब. वेबपानाच्या मोजणीत साधारण मोबाइलचा पडदा ३६० पिक्सेल रुंद धरला आणि यादीत दोन चौकटी शेजारी शेजारी असल्या, तर कडेची जागा सोडून प्रत्येक चौकट १६० च्या आसपास रुंद होते. १२८० चं चित्र तिथे आठपट लहान होतं. तुम्ही ६० च्या मापात लिहिलेलं अक्षर साडेसातचं होऊन बसतं. इंग्रजी अक्षर त्या मापातही कसंबसं कळतं. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो, ते आधी गायब होतात. आमच्या पहिल्या कव्हरवर ‘मुंढा’ लिहिलं होतं, मोबाइलवर ते ‘मढा’ दिसायचं. अक्षराचं माप १२० च्या खाली नेऊ नका. १२० म्हणजे मोबाइलवर १५, ते वाचता येतं.

त्या मापात दोन-तीन शब्दच बसतात आणि तेवढेच पुरतात. शीर्षक पुन्हा चित्रावर लिहायचं नाही, ते खाली आहेच. चित्रात जे दिसत नाही तेवढंच लिहा: ‘अर्धा इंच आत’, ‘चुणी का पडते?’, ‘दोरा सैल’. चित्र स्वतः बोलत असेल तर काहीच लिहू नका. आमच्या ४० पैकी अकरा कव्हरांवर एकही अक्षर नाही.

फॉन्ट जाड घ्या, पण अतिजाड नको. फार जाड फॉन्टमध्ये ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे दोन्ही मोफत फॉन्ट मोठ्या अक्षरांना चांगले आहेत. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर थोडं लक्ष द्यावं लागतं. बरेच देवनागरी फॉन्ट आपणहून हिंदी वळण दाखवतात. वेबपानावर भाषा मराठी अशी नोंदवली की काही फॉन्ट मराठी रूप देतात, पण चित्र करताना ही सोय सगळ्या ॲपमध्ये नसते. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा आहे. त्याच्या रेघा नाजूक असल्याने तो मोठ्या मापातच वापरा.

अक्षरांमधलं अंतर वाढवणारी जी सोय प्रत्येक ॲपमध्ये असते, ती देवनागरीला लावू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो.

जोडाक्षरं तुटत असतील तर दोष ॲपच्या मांडणीचा असतो. जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. गिम्प आणि इंकस्केपमध्ये हा त्रास सहसा होत नाही. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवू नका, भलतीच चिन्हं उमटतील. माझी स्वतःची कसोटी ‘निऱ्या’ या शब्दाची आहे. त्यातला अर्धा र नीट उमटला की तो फॉन्ट आणि ते ॲप मराठीला चालेल असं मी धरतो.

अक्षरांमागे कापडाची नक्षी असेल तर एकसारख्या रंगाची पट्टी टाका. वेबवरच्या सुलभतेच्या मानकांनुसार अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावा लागतो. मोजायचं नसेल तर चित्रातला रंग काढून ते कृष्णधवल करा. तरीही सहज वाचता आलं तर पुरेसं आहे.

एका घरची चित्रं

ब्लाउजच्या कव्हरांना डाव्या कडेला राणी रंगाची बारीक उभी पट्टी, ड्रेसला हिरवी, नऊवारीला जांभळी, मशीनच्या देखभालीला करडी. इतकंच. यापेक्षा जास्त सजावट छोट्या चौकटीत गर्दी करते.

धड्याचा क्रमांक चित्रात लिहू नका, हे मी अनुभवाने सांगतो. मी सगळ्या कव्हरांवर क्रमांक छापले आणि दोन महिन्यांनी वहिनींनी तिसऱ्या-चौथ्या धड्यांच्या मधे अस्तराचा नवा धडा घातला. पुढची ३७ कव्हरं पुन्हा करावी लागली. क्रमांक वेबपानावरच मजकूर म्हणून द्या, तो बदलायला एक मिनिट लागतो.

फाइल जतन करताना

फोटोसाठी पीएनजी प्रकारची फाइल नको. माझी पहिली कव्हरं पीएनजीत होती, प्रत्येकी साधारण ९०० केबी. ४० कव्हरांचे ३६ एमबी, नुसती यादी बघायला! त्याच चित्रांची वेबपी (WebP) या हलक्या प्रकारची फाइल ७५ ते ८० गुणवत्तेवर ठेवली की बहुतेक वेळा १०० केबीच्या आत बसते, म्हणजे सगळी मिळून ४ एमबीपेक्षा कमी. आमच्या क्लासच्या बऱ्याच मुली दिवसाच्या डेटा पॅकवर व्हिडिओ बघतात. त्यांचा डेटा धड्यासाठी उरला पाहिजे. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं आणि मूळ व दाबलेलं चित्र शेजारी शेजारी दाखवतं. पुतळ्याकडे किंवा पार्श्वभूमीकडे बघून समाधान मानू नका, खडूची रेघ शाबूत आहे का ते बघा. लिंकसोबत जाणारं चित्र मात्र मी जेपेगमध्येच ठेवतो, ते सगळीकडे निमूट चालतं.

फाइलचं नाव इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन लिहा. देवनागरी नाव चालतं, पण लिंक कॉपी केली की त्याची टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. कव्हर बदललं तर नावही बदला. त्याच नावाने नवी फाइल चढवली तर लोकांच्या फोनमध्ये साठलेलं जुनंच चित्र दिसत राहतं.

साइटवर लावताना

पानाच्या कोडमधल्या व्हिडिओच्या टॅगमध्ये ‘पोस्टर’ (poster) नावाचा ॲट्रिब्यूट असतो, त्यात चित्राचा पत्ता द्यायचा. वर्डप्रेसमध्ये व्हिडिओ ब्लॉक निवडला की उजवीकडच्या पट्टीत पोस्टर निवडायची सोय आहे. तिथेच ‘प्रीलोड’ ही नोंद दिसेल. कव्हर लावल्यावर ती ‘नन’ करा, म्हणजे कुणी प्ले दाबेपर्यंत व्हिडिओची फाइल उतरायला लागत नाही. व्हिडिओची रुंदी-उंची किंवा प्रमाण कोडमध्ये नोंदवा, नाहीतर चित्र येईपर्यंत पान खाली-वर उडी मारतं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

पान उघडताच दिसणारं मोठं चित्र गुगलच्या वेगमोजणीत धरलं जातं, आणि पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी तिथली अपेक्षा आहे. त्यामुळे वरचं पहिलं कव्हर लगेच उतरू द्या, आणि यादीत खाली असलेल्या चित्रांना ‘लेझी’ लोडिंग लावा, म्हणजे बघणारी तिथवर पोचेपर्यंत ती उतरत नाहीत.

पोस्टरला पर्यायी मजकूर देता येत नाही. न बघता ऐकणाऱ्यांसाठी व्हिडिओला ‘एरिया-लेबल’ (aria-label, स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ती ओळ) द्या, आणि यादीतल्या चित्रांना नेहमीचा पर्यायी मजकूर. तो असा लिहा: ‘पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत, बोटाने दाखवलेला’.

व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून साइटवर एम्बेड केला असेल तर तिथलं कव्हर यूट्यूबमधूनच बदलावं लागतं, आणि त्यासाठी खात्याला फोन नंबरची पडताळणी लागते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: साइटवर आपलंच चित्र प्ले बटणासह दाखवायचं आणि त्यावर टिचकी मारली तरच यूट्यूबचा प्लेअर आणायचा. पान हलकं राहतं.

गुगलच्या शोधात व्हिडिओ दिसावा म्हणून पानात ‘व्हिडिओऑब्जेक्ट’ प्रकारची माहिती भरताना नाव, अपलोडची तारीख आणि कव्हरचा पत्ता या तीन गोष्टी आवश्यक असतात. तो पत्ता स्थिर हवा आणि साइटच्या रोबोट्स फाइलने (शोधयंत्रांनी काय उघडू नये ते सांगणाऱ्या robots.txt ने) अडवलेला नको. व्हॉट्सॲपसाठी ‘ओजी इमेज’ (og:image) या नोंदीत १२०० बाय ६३० च्या चित्राचा पूर्ण पत्ता द्या, एचटीटीपीएसपासून.

शेवटची तपासणी

घरातला सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त फोन घ्या. ब्राइटनेस निम्मा करा आणि दारात उन्हात उभं राहून यादी उघडा. लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि चौरसात काय उरलं ते बघा. मग ज्या माणसाने तो व्हिडिओ पाहिलेला नाही त्याला शीर्षक झाकून नुसतं चित्र दाखवा आणि विचारा, “यात काय शिकवलं असेल?” उत्तर ‘शिवण’ असं आलं तर कव्हर पुन्हा करायचं. ‘बगलेत काहीतरी कमी कापलंय’ असं आलं तर ते लावायचं. आमच्या शेजारच्या काकूंनी मुंढ्याच्या कव्हरकडे बघून स्वतःच्या ब्लाउजच्या बाहीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “अगं बाई, माझं इथेच फुगतं.” ते कव्हर मी त्याच संध्याकाळी लावलं.